निधी वेगळा म्हणून गल्ली वेगळी

तुमच्या शेजारी कोण राहतं हे तुम्ही ठरवलं, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या गावातल्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत ते मी ठरवलं. मी काही मोठा अधिकारी नव्हतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत आरेखक होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात आणि मीही राहतो.

आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. पण नकाशा काढायच्या आधी जागा मोजावी लागते, त्यामुळे लोक मला मोजणीभाऊ म्हणत. हातात फीत, काखेत फाइल, मागे पट्टी धरून चालणारा एक शिपाई. लेव्हल नावाचं तीन पायांचं यंत्र असतं. त्यातून पलीकडच्या पट्टीवरचे आकडे वाचायचे, म्हणजे जमीन कुठे उंच आणि कुठे सखल ते कळतं. पाणी कुणीकडे जाईल ते कळतं. लोकांना वाटायचं, मी त्यातून फोटो काढतो. बायका पदर सावरून उभ्या राहायच्या.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. रोज संध्याकाळी माझी खुंटी हातभर सरकवून ठेवणारे एक निवृत्त मास्तर होते. सकाळी मी ती परत जागेवर ठोकायचो आणि ते ओट्यावर बसून शांतपणे बघायचे. आम्ही त्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही. एका म्हाताऱ्याने तर मला दारातच अडवलं. म्हणाला, "माह्यी जागा मोजू नोको भाऊ. मोजली का कमी होते." मी हसलो होतो. हल्ली हसू येत नाही.

चिमूरकडच्या आमच्या खेड्यातून मी नोकरीला इथे आलो तेव्हा गावात जुन्या जिनिंगच्या मागे, नाल्याच्या काठाने एक वस्ती होती. कुणी वसवलेली नव्हती, आपोआप साचली होती. जंगलातल्या गावांतून मजुरीला आलेले गोंड, आलापल्लीच्या लाकूड डेपोत काम करून इकडे सरकलेली दोन-तीन घरं, गाद्या भरणारी आणि कल्हई करणारी मुसलमान कुटुंबं, सिरोंच्याकडून आलेले तेलुगू बोलणारे गवंडी. कोण कुठे राहणार याचा नियम एकच होता, जिथे जागा मोकळी दिसेल तिथे. त्यामुळे सगळं मिसळलेलं. घाण होती, साप निघायचे, पावसाळ्यात नाला घरात यायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी काय सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की ती वस्ती म्हणजे स्वर्ग होता. नव्हता.

सरकारने त्या वस्तीला पक्की घरं द्यायची ठरवली आणि झोपड्यांची मोजणी माझ्याकडे आली. दीडशेच्या आसपास झोपड्या होत्या. प्रत्येक दारावर गेरूने नंबर टाकायचा, आतलं माप घ्यायचं, कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचं, प्रवर्ग लिहायचा. सत्त्याऐंशी नंबरपाशी माझं अडलं.

बाहेरून दोन झोपड्या दिसत होत्या. मधे बांबूच्या तट्ट्याचा कूड होता, आणि त्या कुडात माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा कापलेली. अलीकडे एक गोंड बाई पळसाच्या पानांच्या ढिगात बसली होती. पलीकडे चष्मा लावलेली एक मुसलमान बाई तयार पत्रावळींचे गठ्ठे बांधत होती.

"ही घरं किती?" मी विचारलं.

"एकच," गोंड बाई म्हणाली.

"एकच है भाऊ," पलीकडून दुसरी म्हणाली. "बीच में कूड है करके दो दिखता."

पहिलीचं नाव सोमीबाई. जिवतीच्या पहाडावरची. नवरा वारला तेव्हा धाकट्या पोरीला घेऊन खाली आली. तिचा भाऊ अजून पहाडावरच होता. तो काळीपिवळी जीपच्या टपावर पानांचे भारे टाकून पाठवायचा. दुसरी जमिलाबी. तिच्या सासरची माणसं कापूस पिंजून गाद्या भरायची. तयार गाद्या दुकानात मिळायला लागल्या तसं ते काम बसलं, आणि नवराही गेला. दोघींनी मिळून पत्रावळींचं काम धरलं होतं. सोमीबाईच्या हाताला पानाची जाण होती. कोणतं पान कोवळं, कोणतं चिरणार, ते ती न बघता सांगायची. जमिलाबीला गाव माहीत होतं. लग्नाचे स्वयंपाकी, भंडाऱ्याची मंडळी, दर्ग्यावरच्या जेवणाचं बघणारे, सगळ्यांशी बोलणं ती करायची. सोमीबाई दुकानदारासमोर तोंड उघडायची नाही. जमिलाबीला साखरेच्या आजाराने दिसायचं कमी झालं होतं. काडी टोचणं तिला जमत नव्हतं. म्हणजे एकीचे डोळे आणि हात, दुसरीची जीभ आणि पाय, असा तो धंदा होता.

माझ्या तक्त्यात असलं काही लिहायला जागा नव्हती. एक झोपडी, एक प्रमुख, एक प्रवर्ग. मी दोघींना समजावलं की एक नंबर टाकला तर एकच घर मिळेल, दोन टाकले तर दोन.

"दोन भेटन?" सोमीबाईने विचारलं.

"हाव. तुमचं एक, त्यांचं एक."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मीही खूश झालो. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी टाकून पुढे गेलो. त्या दिवशी आपण कुणाचं वाईट केलं असं मला मुळीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर आजही त्या दिवसापुरतं वाटत नाही.

नवी जागा हायवेच्या पलीकडे, गुरं चरायच्या उताराच्या जमिनीवर मिळाली. लेआउट मला काढायचा होता. मुख्याधिकारी साहेबांनी बोलावलं. माणूस सरळ होता, कामाचा होता, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी टेबलावर दोन याद्या ठेवल्या. आदिवासी कुटुंबांच्या घरांचा निधी एका विभागाकडून येणार होता, बाकीच्यांचा दुसऱ्याकडून.

"दोन ब्लॉक पाडा," ते म्हणाले. "वरच्या अंगाला बाकीचे, खालच्या अंगाला आदिवासी. मधे तीस फुटी रस्ता."

मी म्हणालो, "साहेब, आत्ता सगळे मिसळून राहतात."

"राहू द्या न. त्याला माझी काय ना आहे? पण वरून तपासणी आली का मी काय दाखवू? हे घर या फंडातलं, शेजारचं त्या फंडातलं, पुन्हा तिसरं या फंडातलं? दोन्हीकडे बोर्ड लावायचा आहे. बोर्डाखाली सलग घरं दिसली पाहिजेत."

यात दुष्टपणा कुठेच नव्हता. कुणाला कुणापासून तोडायचं असं त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. मी इतकी वर्षं तो प्रसंग मनात उलटापालटा करून पाहिला आहे, त्यात मला दोषी माणूस सापडत नाही. पण निधी वेगळा म्हणून गल्ली वेगळी झाली, हे मात्र खरं.

यादी लागली तशा दोघी कार्यालयात आल्या. जमिलाबी सोमीबाईचा खांदा धरून जिना चढली. माझ्या टेबलापाशी उभ्या राहून जमिलाबी म्हणाली, "भाऊ, मेरेको वरते दिया, इसको खालते. काऊन?"

मी निधीचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पैसा अलग आया तो आदमी भी अलग रखना पडता क्या?"

सोमीबाई एवढंच म्हणाली, "आमाले लागून लागून द्या न भाऊ. कोनतंही द्या. लागून द्या."

मी त्यांचा अर्ज लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला, वाईटही वाटलं त्यांना. म्हणाले, एकीला दुसरीच्या ब्लॉकात टाकली तर तिचा निधी परत जातो आणि घरच जातं. करायचं का तसं? तसं करायचं नव्हतंच.

मग मी एक युक्ती काढली. आजवर ही गोष्ट मी बायकोलाही नीट सांगितली नव्हती.

लेआउट माझ्या हातात होता. वरचा ब्लॉक आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला तीस फुटी रस्ता मी काढून टाकला. वरच्यांसाठी एक रस्ता वरून आणला, खालच्यांसाठी एक खालून, आणि वरची शेवटची ओळ व खालची पहिली ओळ एकमेकींना पाठ लावून ठेवली. मधे फक्त चार फुटांची मागची गल्ली. कागदावर दोन ब्लॉक वेगळेच राहिले. बोर्ड लावता आले असते, तपासणी झाली असती. पण मागचं दार उघडून चार फूट ओलांडले की दुसऱ्या ब्लॉकातलं घर. साहेबांना सांगितलं, एक रस्ता वाचतो, चार घरं जास्त बसतात. त्यांनी लगेच सही केली.

घरं चिठ्ठ्या टाकून द्यायची होती, पण विधवांना आणि अपंगांना चिठ्ठीशिवाय पसंतीचं घर घेता येत होतं. मी दोघींना कोणता नंबर सांगायचा ते सांगून ठेवलं. सोमीबाईला आकडे वाचता येत नव्हते. तो आकडा ती आठ दिवस तोंडाने घोकत होती, असं जमिलाबीने मला नंतर सांगितलं. वाटपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, कोणतं घर? सोमीबाईने सगळ्यांसमोर खणखणीत आकडा सांगितला. एवढ्या माणसांत मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

नोकरीत मला एकदाही शाबासकीचं पत्र मिळालं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना मला ते मिळाल्यासारखं वाटलं.

राहायला गेल्यावर पहिला हिवाळा आणि उन्हाळा चांगला गेला. मी कामानिमित्त जायचो तेव्हा मागच्या गल्लीत खाट टाकलेली दिसायची. दोघी तिथेच काम करायच्या. सोमीबाईच्या पोरीचं लग्न ठरलं त्याची बातमी मला जमिलाबीनेच सांगितली. शिवाय नवी घरं, डोक्यावर स्लॅब, घरात नळ. जमिलाबी भिंतीवरून हात फिरवून म्हणायची, "देखो भाऊ, कितना चिकना है." दिसत नव्हतं म्हणून ती घर हाताने बघायची.

मग पावसाळा आला आणि माझी चूक वर आली.

ती चूक सोप्या भाषेत सांगतो. जमीन उताराची. वरच्या ब्लॉकाचं पाणी खाली येणारच. मधे रस्ता असता तर रस्त्याच्या कडेला नाली असती, आणि ते पाणी नालीतून बाहेर गेलं असतं. पण नाली ही रस्त्याच्या कामात धरलेली असते. मी रस्ता काढला, तशी नालीही कामातून निघून गेली. नकाशात मागच्या गल्लीत मी नालीची रेघ ओढली होती, पण ती रेघ कुठल्याच कामात बसली नव्हती, म्हणून कुणी बांधली नाही. मी तीस वर्षं उतार मोजले आणि माझ्या लक्षात आलं नाही. कोरड्या दिवसांत मोरीचं पाणी मातीत जिरत होतं. पाऊस लागला आणि वरच्या शेवटच्या ओळीचं सगळं पाणी, भांड्याचं, कपड्याचं, न्हाणीचं, खालच्या पहिल्या ओळीच्या मागच्या दारातून घरात जायला लागलं.

सोमीबाईने पानांचे भारे मागच्या खोलीत रचले होते. ते खालून भिजले. तिने वरची कोरडी पानं काढून पत्रावळी केल्या, पण ओल आतपर्यंत गेली होती. जमिलाबीने एका मोठ्या लग्नाच्या स्वयंपाक्याला शब्द दिला होता. तिला दिसत नव्हतं, तिने गठ्ठे तसेच बांधून पाठवले. मांडवात पंगत बसली तेव्हा पत्रावळींवर काळे डाग निघाले. स्वयंपाक्याने सगळा माल परत पाठवला आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. त्याच्याकडे पाहून बाकीच्यांनीही हात काढला.

खालच्या ओळीची तक्रार आली म्हणून मी लेव्हल घेऊन गेलो, तर दोघी मागच्या गल्लीत चिखलात उभ्या होत्या. दोन्हीकडची माणसं दारादारांत जमलेली.

जमिलाबी म्हणत होती, "मेरी जबान गई, सोमी. इतने साल में कोई नहीं बोला था कि जमिला का माल खराब है. तूने देखा नहीं?"

"पाह्यलं," सोमीबाई म्हणाली. "वरून चांगलं होतं. खालून तुमच्या लोकायचं पानी शिरलं तं मी काय करू?"

जमिलाबीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "तुमचे लोक? मैं कबसे लोक हो गई?"

सोमीबाईच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी उत्तर दिलं, आणि वरच्या दारातून त्यालाही उत्तर आलं. कुणाच्या कोंबड्या कुणाच्या ओट्यावर जातात, कुणाच्या न्हाणीचा वास येतो, कुणाच्या घरी मोहाची दारू निघते, सगळं निघालं. एकेका घराचं भांडण वरच्यांचं आणि खालच्यांचं व्हायला मला वाटतं पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी तिथे होतो. लेव्हल लावून उभा होतो. त्या वेळी मला एकच गोष्ट बोलायची होती, की बायांनो, यात तुमच्यापैकी कुणाचीच चूक नाही, चूक माझी आहे, मी नालीची सोय करायला विसरलो. बोललो असतो तर काय झालं असतं कुणास ठाऊक. लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या आणि आपसातलं थांबलं असतं, की आणखी काही झालं असतं. मी पट्टीवरचे आकडे वाचले, वहीत लिहिले आणि म्हणालो, "पाह्यतो. साहेबाला सांगतो."

साहेब तेव्हा बदलले होते. नव्या साहेबांपुढे मी नालीचं टिपण ठेवलं. त्यांनी ते बाजूला केलं आणि दुसरा कागद दाखवला. खालच्या ब्लॉकातल्या लोकांचा अर्ज आला होता, मधे संरक्षक भिंत बांधून द्या. त्या भागाच्या नगरसेवकाने शिफारस जोडली होती. अंगठ्यांच्या रांगेत सोमीबाईचाही अंगठा होता.

"नालीला या वर्षी तरतूद नाही," साहेब म्हणाले. "भिंतीला आहे. पाणी अडवायचं काम भिंतही करेल."

"भिंतीने पाणी अडत नाही साहेब, वळतं."

"मग वळू द्या. लोकांनी मागितली आहे."

लोकांनी मागितली होती, हे खरंच होतं. भिंतीची आखणी करायला मीच गेलो. चुन्याची फक्की टाकत त्या चार फुटांच्या गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. सोमीबाई दारात उभी होती. तिने मला पाणी विचारलं. मी पाणी प्यालो. वरच्या बाजूला जमिलाबीचं मागचं दार बंद होतं.

सहा फुटांची भिंत झाली. सोमीबाईच्या घरात पाणी यायचं थांबलं. ते भिंतीच्या कडेने वळून टोकाच्या दोन घरांत शिरायला लागलं, तो वेगळाच ताप. पण मधली घरं कोरडी झाली. आता वरून खाली यायचं तर हायवेला जाऊन वळसा घालून यावं लागे. डोळे चांगले असलेल्या माणसाला वीस मिनिटं. जमिलाबीला ते शक्यच नव्हतं. पत्रावळी थांबल्या. त्यांचं भांडण किती टिकलं ते मला माहीत नाही, मिटलंही असेल लवकर. पण मिटल्याचं एकमेकींना सांगायला कोण जाणार?

सोमीबाई राइस मिलमध्ये झाडायला जाऊ लागली. जमिलाबी घरी बसली, तिची मुलगी शिवणकाम करायची त्यावर घर चालायचं. पुढे वरच्यांना वेगळी अंगणवाडी आली, खालच्यांना वेगळी. पाण्याच्या टाक्या दोन, समाजमंदिरं दोन, प्रत्येकावर वेगळ्या विभागाचा बोर्ड. ऑटोवाले विचारायला लागले, वरची का खालची? मुलाखतीला गेलेली पोरं घरचा पत्ता सांगताना अडखळायला लागली, कारण पत्ता सांगितला की जात किंवा धर्म विचारायची गरज उरत नव्हती. नाल्यावरच्या वस्तीचं नाव सांगितलं तर तेवढं कळायचं की माणूस गरीब आहे. आता गरिबी तशीच, आणि वरून हे.

निवृत्त झाल्यावर या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, आठवणीवर भरवसा ठेवू नये, एकदा दोघींना भेटावं. आधी वर गेलो.

जमिलाबीला आता काहीच दिसत नाही. आवाजावरून ओळखलं. मी अपराधी मनाने बसलो होतो. वाटलं होतं, ती काही बोलेल. ती म्हणाली, "घर अच्छा है भाऊ. नाल्यात दो बार मेरा सब बह गया था. इधर आके बेटी की शादी हुई, छत है. तुम्हारा भला हो."

मी विचारलं, "सोमीबाईची आठवण येते का?"

"याद क्या. साथ थे तो साथ थे." मग म्हणाली, "वो बुलाती तो मैं जाती. शायद वो भी यही बोलती होगी."

मी तिला म्हणालो, चला, स्कूटरवर बसा, पाच मिनिटांत नेतो. ती कपाळावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, आज नको, आज अंग बरं नाही. पुढच्या वेळी. तिचं अंग बरं नव्हतं की तिला जायचं नव्हतं, हे मला कळलं नाही.

मग वळसा घालून खाली गेलो. सोमीबाईने खाट टाकली. मी जमिलाबीचा निरोप नसलेला निरोप सांगितला, की तुमची विचारपूस करत होती. ती "हाव" म्हणाली. मग आत जाऊन एक छापील कागद घेऊन आली.

"भाऊ, हे भरून द्या न. भिंत आखीन दोन फूट वाढवाची हाय. सगळ्याइनं भरून देल्ले. माह्याच राह्यला."

मी कागद बघत राहिलो. "तुले पायजे का, सोमीबाई?"

"मले काय. सगळ्याले पायजे तं मी काऊन नाई म्हनू?"

"पाणी येते का आता?"

"नाई. पानी नाई येत."

मी नाव लिहिलं, घराचा नंबर लिहिला. कारणाचा रकाना आला. "कारण काय लिहू?"

ती विचारात पडली. खरंच विचार करत होती, टाळत नव्हती. शेवटी म्हणाली, "तुमाले मालूम असन. तुमी हापिसातले."

मी तो रकाना कोरा ठेवला. तिने अंगठा दिला आणि कागद घडी करून ठेवला. मी फाडायला हवा होता का? तिचा कागद फाडणारा मी कोण? आणि नाही फाडला तर लिहून देणारा तरी कोण?

दोन महिन्यांनी पेन्शनच्या कामाला कार्यालयात गेलो. माझ्या जागी आता वैशाली नावाची मुलगी आहे, हुशार आहे, नकाशे संगणकावर काढते. तिच्या टेबलावर भिंत वाढवायची फाइल मंजूर होऊन आलेली होती. मी तिची परवानगी घेऊन अर्ज चाळले. सोमीबाईचा सापडला. कारण कोरंच होतं, बाजूला लाल शाईने बरोबरची खूण. बाकीच्या अर्जांत काय कारण आहे म्हणून पाहिलं, तर पहिल्यात लिहिलं होतं, "वस्तीतील सर्वांप्रमाणे." दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही.

"काय पाहून राह्यले भाऊ?" वैशालीने विचारलं.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. दोन झोपड्यांना टाकलेले दोन नंबर, काढून टाकलेला रस्ता, राहून गेलेली नाली, चिखलात उभ्या असलेल्या दोघी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोललो, "हे माझं चुकलं होतं."

तिने शांतपणे ऐकलं. मग कपाटातून त्या लेआउटचा जुना कागदी नकाशा काढून टेबलावर पसरला. माझ्याच हाताचा, माझ्याच अक्षरातला. पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"दाखवा न, कुठी चुकलं. अजून काम सुरू नाई झालं. मी काही करता येते का पाह्यते."

मी पेन्सिल घेतली. रस्ता काढला तिथे खूण करायला गेलो, पण रस्ता ठेवला असता तर त्या दोघी पहिल्या दिवसापासूनच तीस फूट लांब असत्या. नालीवर आणली. नाली झाली असती तर भिंत कदाचित झाली नसती, पण बोर्ड दोनच राहिले असते. मग भिंतीवर आणली, तर ती लोकांनी मागितलेली. ब्लॉकांच्या सीमेवर आणली, ती मी ठरवलेली नव्हती, आणि ज्यांनी ठरवली त्यांनी घरं तर दिली होती. पेन्सिल कागदावर टेकतच नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली. वैशालीने नकाशा तसाच राहू दिला, डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे ठेवली.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "सांगा सावकाश."